जलपर्णीची ओळख आणि तिच्या पाण्याची ओळख

उन्हाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील मोठ्या शहरांखालच्या नदीपात्रांकडे पाहिले, तर अनेक ठिकाणी पाण्याऐवजी हिरवेगार कुरण दिसते. अनोळखी माणसाला ते शेतच वाटावे. त्यावर बगळे निवांत चालत असतात, मधूनमधून फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात, आणि खाली पाणी आहे हे वासावरूनच कळते. ही वनस्पती म्हणजे जलपर्णी. गोदाकाठी तिला पानवेली म्हणतात; हिंदी भाषक तिला जलकुंभी म्हणून ओळखतात. ती काढण्यासाठी दरवर्षी निविदा निघतात, यंत्रे उतरतात, मजूर उतरतात, बातम्या छापून येतात आणि पुढील वर्षी त्याच जागी तीच वनस्पती पुन्हा उभी असते. असे का व्हावे, हा या पाठाचा प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात आम्ही दोन ओळखी क्रमाने करून देणार आहोत. पहिली, ही वनस्पती इतर पाणवनस्पतींतून नेमकी कशी वेगळी काढावी. आणि दुसरी, ती ज्या पाण्यात माजते ते पाणी कसे ओळखावे. दुसरी ओळख पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, अशी आमची धारणा आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी वनस्पतिशास्त्राच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही वनस्पती आपल्या नद्यांत आपोआप आलेली नाही आणि आपोआप वाढलेलीही नाही. तिच्या प्रत्येक टप्प्यामागे माणसाची कृती आहे, आणि माणसाची कृती हाच इतिहासाचा विषय आहे.

नाव आणि मूळ

जलपर्णीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीचे खोरे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस हे १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरले आणि १८२३ साली त्यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. त्यांनी दिलेले नाव ‘पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस’. पुढे ती ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’ या नावाने जगभर ओळखली गेली. आपल्या पिढीने पाठ्यपुस्तकांत हेच नाव वाचले. अलीकडच्या अभ्यासानंतर शास्त्रज्ञ पुन्हा मूळ नावाकडे वळले आहेत. दोन्ही नावांत ‘क्रॅसिपेस’ हा शब्द कायम आहे. त्याचा अर्थ ‘जाड पायाची’. विद्यार्थ्यांनी हा अर्थ ध्यानात ठेवावा, कारण ओळखीची पहिली खूण त्यातच दडलेली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शास्त्रज्ञ जलपर्णीला ‘आक्रमक परकी वनस्पती’ म्हणतात. यातील ‘परकी’ हा शब्द दोषाचा नव्हे. आपल्या ताटातील मिरची, बटाटा, टोमॅटो आणि पेरू हे सारे अमेरिका खंडांतूनच आले. त्यांना कोणी आक्रमक म्हणत नाही. दोष जन्मस्थानावरून ठरत नाही. नव्या ठिकाणी एखादी वनस्पती इतरांचा प्रकाश, जागा आणि प्राणवायू हिरावून बेसुमार पसरू लागते, तेव्हाच तिला आक्रमक म्हणतात. मूळ प्रदेशात जलपर्णीला खाणारे कीटक आहेत. ते तिला मर्यादेत ठेवतात. आपल्याकडे ती आली, तिचे कीटक आले नाहीत.

ओळखीच्या खुणा

जलपर्णी पाण्यावर मोकळी तरंगते. तिची मुळे सहसा तळाच्या मातीत रुतलेली नसतात. पाणी आटल्यावर मात्र ती चिखलात मूळ धरून तग धरू शकते.

देठ ही तिची पहिली खूण. मोकळ्या पाण्यात वाढणाऱ्या रोपाचा देठ मध्यभागी कांद्यासारखा फुगलेला असतो. तो कापला तर आत स्पंजासारखा, हवेने भरलेल्या पोकळ्यांचा गर दिसतो. याच हवेमुळे रोप तरंगते. येथेच अनेकांची फसगत होते. रोपे दाटीवाटीने वाढू लागली की, देठ फुगत नाहीत. प्रकाशासाठी ते सरळ, सडपातळ आणि उंच होतात, कधी कधी मीटरभरापर्यंत. मग पाहणारा म्हणतो, ही काही जलपर्णी नव्हे, हिला फुगा नाही. वस्तुतः दोन्ही एकच. फुगीर देठ विस्ताराचा आरंभ सांगतो, तर सडपातळ देठ सांगतो की, येथे जागा संपली आहे.

दुसरी खूण पानांची. पाने गोलसर, जाड, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. त्यांच्यावर पाणी ठरत नाही. ती एका मध्यापासून गुच्छासारखी निघतात.

तिसरी खूण मुळांची. रोप उचलले की, खाली पिसासारख्या तंतूंचा दाट झुबका लोंबतो. त्याचा रंग जांभळट काळा असतो.

चौथी खूण फुलांची. एका तुऱ्यावर बहुधा ८ ते १५ फुले येतात. प्रत्येक फुलाला फिकट जांभळ्या सहा पाकळ्या असतात आणि सर्वांत वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा ठिपका असतो. हा ठिपका दिसला की शंकेला जागा उरत नाही. फुले सुकल्यावर तुऱ्याचा दांडा खाली वाकतो आणि बिया पाण्यात सुटतात.

पाचवी खूण आडव्या फांद्यांची. एका रोपापासून पाण्याच्या पृष्ठभागालगत फांदी धावते आणि तिच्या टोकाला नवे रोप येते. त्या रोपापासून पुन्हा फांदी, पुन्हा रोप. एक रोप ओढले तर पाठोपाठ साखळीच ओढली जाते, ती यामुळे.

फसवणारी साम्ये

पाण्यावरची प्रत्येक हिरवळ जलपर्णी नसते. गोंडाळ या नावाने काही भागांत ओळखली जाणारी वनस्पती लहानशा कोबीसारखी दिसते. तिच्या पानांना देठ नसतो, पाने मखमली लवेची आणि उभ्या कंगोऱ्यांची असतात, फूल तर शोधूनही सापडू नये इतके बारीक. साल्विनिया हे मुळात नेचे होय. त्याला फूल कधीच येत नाही. त्याची पाने जोडीने येतात, मध्यावर दुमडतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर उभे, बारीक केस असतात. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, जरी त्याचे मूळ ब्राझीलमध्ये आहे. अझोला हे तर नखाएवढे नेचे. ते अनेक शेतकरी जनावरांच्या खाद्यासाठी मुद्दाम वाढवतात. टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर दिसला, तर ती तिसरीच वनस्पती असते. तिला लोक सरसकट शेवाळ म्हणतात.

कमळ आणि कुमुद यांची गल्लत तर मुळीच होऊ नये. त्यांचे कंद तळाच्या गाळात असतात, पाने लांब देठांनी वर येतात आणि ती आपल्याच मातीतील आहेत. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर जगणाऱ्या ढिवर बांधवांना पाण्यातील कोणती वनस्पती माशांना आसरा देते आणि कोणती तलाव गिळते, हे पुस्तकावाचून ठाऊक असते. ‘तलाव स्वच्छ करा’ असे म्हणत सारीच हिरवळ उपटणे हे अज्ञान आहे. म्हणूनच ओळख आधी, कृती नंतर.

ती कोणते पाणी निवडते

आता दुसऱ्या ओळखीकडे वळू. जलपर्णीला गोडे पाणी लागते. समुद्राच्या पाण्याच्या पाव हिश्शाइतका खारटपणाही तिला सोसत नाही. म्हणून कोकणातील खाडीच्या मुखाशी ती टिकत नाही. मात्र त्याच नदीच्या वरच्या, गोड्या टप्प्यात ती पसरू शकते. कल्याण परिसरातील उल्हास नदी हे याचे परिचित उदाहरण होय. तिला ऊब लागते; साधारण २५ ते ३० अंश तापमानात ती जोमाने वाढते आणि कडक हिमात मरते. तिला संथ पाणी लागते; वेगाच्या प्रवाहात ती टिकत नाही, वाहून जाते.

या तीन अटी आपल्या राज्यात सहज पूर्ण होतात. चौथी अट मात्र निसर्गाची नव्हे, आपली आहे. जलपर्णीला पाण्यातच खत लागते, म्हणजे विरघळलेले नत्र आणि स्फुरद. स्वच्छ, निकोप पाण्यात ती जगते, पण माजत नाही. तिला माजवणारे खत येते मैलापाण्यातून, कपडे-भांडी धुण्याच्या पावडरीतून आणि शेतातून वाहून आलेल्या रासायनिक खतातून. शेतकरी पिकाला नत्र-स्फुरद मोजून देतो. आपली शहरे नदीला ते न मोजता देतात.

हे किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर घागरींपैकी सुमारे अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर घागरी नाल्यांत, नद्यांत, तलावांत. शिवाय प्रक्रिया झालेले सारे पाणीही निर्धोक नसते. नेहमीच्या पद्धतीने सडका, सेंद्रिय मळ कमी होतो. नत्र आणि स्फुरद काढण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती सर्वत्र नसते.

यावरून जलपर्णीचे वार्षिक चक्र समजते. पावसाळ्यात पूर तिला खाली वाहून नेतो. ऑक्टोबरनंतर प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यांत बरगे पडतात आणि पाणी थांबते. नदीतील नैसर्गिक पाणी जसजसे घटते, तसतसे सांडपाण्याचे प्रमाण वाढते. ऊन वाढते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पात्र झाकले जाते. आणि पुराबरोबर गेलेल्या रोपांचे काय? पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात, आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. वरच्या शहराने ‘नदी साफ झाली’ म्हणून सोडलेला सुस्कारा खालच्या गावाच्या मच्छीमाराच्या जाळ्यात अडकलेला असतो.

या झाकणाखाली काय घडते, तेही पाहावे. प्रकाश खाली पोहोचत नाही, म्हणून पाण्यातील सूक्ष्म वनस्पती प्राणवायू निर्माण करू शकत नाहीत. मेलेली पाने तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मासे तडफडून मरतात. होडी चालत नाही, जाळे टाकता येत नाही. संथ, झाकलेल्या पाण्यात डासांना निवारा मिळतो. काही जातींच्या डासांच्या अळ्या तर अशा वनस्पतींच्या मुळांना छेद देऊन तेथूनच हवा घेतात. नदीकाठी कोण राहते, हे आम्ही वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. वास, डास आणि पूर यांचा पहिला वाटा नेहमी त्यांनाच मिळतो.

वाढीचा हिशोब

अनुकूल स्थितीत जलपर्णीचा विस्तार सुमारे एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होतो. आपण हिशोबासाठी दहा दिवस धरू. सोळा एकरांच्या एका तलावात एक गुंठा जागा जलपर्णीने व्यापली आहे. सोळा एकर म्हणजे ६४० गुंठे. दहा दिवसांनी दोन गुंठे, वीस दिवसांनी चार, तीस दिवसांनी आठ. महिना उलटला तरी कोणाचे लक्ष जात नाही. नव्वदाव्या दिवशी ५१२ गुंठे, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत तलाव पूर्ण झाकलेला. ऐंशीव्या दिवशी अर्ध्याहून अधिक तलाव मोकळा होता, हे तेव्हा कोणाला खरे वाटत नाही.

आता काढणीचा हिशोब. समजा आपण मोठ्या कष्टाने दहांतील नऊ हिस्से काढले. उरलेला एक हिस्सा त्याच वेगाने वाढला, तर सुमारे तेहतीस दिवसांत तलाव पुन्हा भरतो. प्रत्यक्षात वाढ इतकी एकसारखी नसते, थंडीत ती मंदावते. परंतु हिशोबाचा अर्थ बदलत नाही. त्यात गाळातील बियांची भर. त्या पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकतात आणि पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रुजतात. आठव्या इयत्तेतील विद्यार्थ्यालाही कळणारे हे गणित आहे. खत चालू ठेवून पीक कापत राहणे, याला शेती म्हणतात; सफाई म्हणत नाहीत.

बंगालचा धडा

भारतात जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुंदर फुलांची शोभेची वनस्पती म्हणून आली. बंगालच्या नद्या, खाड्या आणि भातखाचरे तिने काही दशकांत व्यापली. पहिल्या महायुद्धाच्या वातावरणात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. संकटाला शत्रूचे नाव दिले की मन हलके होते, एवढेच. १९२१ साली बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ साली जलपर्णीविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि आपल्या जमिनीवरील, आपल्या पाण्यातील जलपर्णी नष्ट करण्याची जबाबदारी जमिनीच्या धारकावर आली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत तर जलपर्णी हा प्रचाराचा विषय होता.

या कहाणीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला पाहिजे. रेल्वेच्या उंच बांधांनी बंगालचे वाहते पाणी जागोजागी अडवले आणि साचलेल्या त्या पाण्यात जलपर्णी माजली, असे काही इतिहासकारांनी मांडले आहे. बांध कोणी घातले आणि रोपे उपटण्याचे काम कोणाच्या माथी आले? कारण एकाचे, कष्ट दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. लुइझियानाच्या जलमार्गांत जलपर्णी माजली, तेव्हा १९१० साली तेथील प्रतिनिधी ब्रूसार्ड यांनी ती खाण्यासाठी आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. आज आपल्याला हसू येते. परंतु पाण्यात काय सोडले जाते हे न पाहता केवळ नवनवी यंत्रे आणणे, हेही त्याच जातीचे उत्तर आहे.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

हाताने काढणे हा लहान तलावासाठी उत्तम उपाय. यंत्राने काढणे मोठ्या पात्रासाठी अपरिहार्य. मात्र या वनस्पतीत सुमारे पंच्याण्णव टक्के पाणीच असते, त्यामुळे आपण बहुतांशी पाणीच वाहून नेतो. काढलेला ढीग काठावरच टाकला, तर पहिल्या पुरात तो परत जातो. तणनाशकाने ती मरते, पण तेथेच कुजते. त्यातून खतही पाण्यातच उतरते आणि विषही.

तिला खाणारे सोंडे भुंगे १९८२ साली भारतात आणले गेले. पुढे कर्नाटकातील तलावांत त्यांचा चांगला उपयोग झाला. पूर्व आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकात याच भुंग्यांची मोठी मदत झाली. परंतु तेथे सांडपाणी आणि खते येतच राहिली, म्हणून जलपर्णीही पुनःपुन्हा परतत राहिली. भुंगे सावकाश काम करतात आणि दरवर्षी पुराने वाहून जाणाऱ्या नदीत त्यांना स्थिरावता येत नाही.

जलपर्णीपासून कंपोस्ट होते, तिच्या वाळवलेल्या देठांपासून टोपल्या, पिशव्या विणतात. हे उद्योग स्वागतार्ह आहेत. फक्त कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतील जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून तिचे खत तपासणीविना भाजीपाल्याला घालू नये. आणि आणखी एक. छातीइतक्या मैलापाण्यात उतरून ती ओढणाऱ्या माणसाच्या हातात हातमोजे आणि पायांत गमबूट आहेत की नाहीत, हे पाहणे नागरिकांचे कर्तव्य आहे. सफाईच्या छायाचित्रात तो माणूस दिसतो. त्याच्या आजारपणाचे छायाचित्र छापले जात नाही.

हे सारे उपाय करावेतच. पण सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया आणि नदीला थोडा तरी वाहता प्रवाह, या दोन गोष्टींशिवाय त्यांपैकी एकही पुरेसा नाही.

पाहणीची रीत

आमचे माजी विद्यार्थी आज अनेक गावांत, शहरांत आहेत. कोणी शिक्षक, कोणी ग्रामपंचायत सदस्य, कोणी पालक. त्यांना आमची विनंती आहे की, आपल्या मुलांसह जवळच्या नदीची किंवा तलावाची वर्षातून तीनदा पाहणी करावी: ऑक्टोबरअखेर, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. वहीत पुढील नोंदी असाव्यात.

१. तारीख, जागा आणि पाणी वाहते आहे की साचलेले.

२. वनस्पतीचा देठ फुगीर की सडपातळ, फूल आहे काय, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका आहे काय.

३. काठाने पावले मोजून व्याप्तीचा अंदाज.

४. तेथून वरच्या बाजूला चालत गेल्यावर पहिला नाला कोठे मिळतो, त्याचा रंग आणि वास कसा, आणि तो कोणत्या वस्तीतून, कोणत्या कारखान्यातून किंवा कोणत्या वसाहतीतून येतो.

५. काठावरील वृद्ध आणि मच्छीमार काय सांगतात: ही वनस्पती केव्हापासून, पूर्वी कोणते मासे मिळत, पाणी पिण्यायोग्य केव्हापर्यंत होते.

पाहणी काठावरूनच करावी. जलपर्णीच्या थरावर पाय ठेवू नये; तो जमीन वाटतो, पण खालची खोली दिसत नाही. रोप घरच्या हौदात आणू नये आणि मत्स्यपेटीतील कोणतीही वनस्पती नदीत सोडू नये.

चौथी नोंद सर्वांत कष्टाची आणि सर्वांत मोलाची आहे. जलपर्णीपासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून गटारापर्यंत आणि गटारापासून आपल्याच न्हाणीघरापर्यंत ती आपल्याला नेऊन सोडते. तीन पाहण्यांच्या नोंदी हाती असल्या, तर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत ‘जलपर्णी काढा’ एवढेच मागून थांबावे लागणार नाही. ‘हा नाला अमुक ठिकाणी नदीला मिळतो, त्याच्या पाण्यावर प्रक्रिया केव्हा होणार,’ असा नेमका प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर तारखेसह आणि लेखी मागावे.